प्रमाणपत्रांपेक्षा क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षण हवे

संपादक महोदय,

समाजकार्याच्या पदवी विद्यार्थ्यांच्या बायोडेटात कार्यशाळांची प्रमाणपत्रे भरपूर असतात. पण मुलाखतीत 'एका व्यक्तीसोबत केलेले काम टप्प्याटप्प्याने सांगा' असे विचारले, की 'समुपदेशन केले, जनजागृती केली' यापुढे गाडी जात नाही. व्यावसायिक विकासाची सर्वांत मोठी संधी अभ्यासक्रमातच असते, ती म्हणजे पर्यवेक्षणाखालचे क्षेत्रकार्य, म्हणजे शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली सामाजिक संस्थेत जाऊन लोकांसोबत केलेले प्रत्यक्ष काम. समाजकार्य शिक्षणाचे २०२० चे जागतिक निकषही त्याला शिक्षणाचा अत्यंत महत्त्वाचा घटक मानतात. नेमके तेच सर्वांत जास्त वाया जाते, हे पाहून वाईट वाटते.

वाया जाण्याचे पहिले कारण अहवाल. महिनाभराचे अहवाल सादर करण्याच्या आदल्या रात्री एकत्र लिहिले जातात. तोवर समोरची व्यक्ती नेमके काय बोलली हे आठवत नाही आणि मग ठोकळेबाज वाक्ये उतरतात. भेटीची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. पूर्ण भेट लिहिण्याची गरज नाही. संभाषणातला पंधरा मिनिटांचा भाग पुरतो. पानाचे चार रकाने करावेत: कोण काय बोलले, त्या क्षणी विद्यार्थ्याच्या मनात काय आले, त्याने कोणते कौशल्य वापरले आणि पर्यवेक्षकाचा शेरा. दुसरा रकाना बहुतेक वेळा कोरा राहतो, कारण 'मला भीती वाटली' किंवा 'राग आला' असे लिहिले तर गुण कापले जातील, अशी धास्ती असते. हा रकाना गुणांकनातून वगळल्याशिवाय विद्यार्थी खरे लिहिणार नाहीत.

दुसरे कारण पर्यवेक्षकाचा वेळ. आठवड्याला प्रत्येक विद्यार्थ्यासाठी निदान अर्धा तास वेळापत्रकात छापलेला असावा; 'अडचण आली तर या' या व्यवस्थेत शेवटी कोणीच येत नाही. पर्यवेक्षकाने अहवाल या अर्ध्या तासाच्या आदल्या दिवशी वाचलेला असावा. तीन आठवड्यांनी मिळालेला शेरा कितीही मार्मिक असला, तरी तोवर ती व्यक्ती दुसऱ्याच अडचणीत असते. संस्थेतल्या कार्यकर्त्यानेही विद्यार्थ्याला नोंदवह्या भरायला बसवू नये. दुसऱ्या आठवड्यापर्यंत महाविद्यालय, संस्था आणि विद्यार्थी यांनी तीन-चार उद्दिष्टे लेखी ठरवावीत, प्रत्येकापुढे पुरावा काय हेही लिहावे. 'संवादकौशल्य वाढवणे' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. 'सत्राअखेर तीन गृहभेटी स्वतंत्रपणे घेणे' हे मोजता येते.

कार्यशाळा नकोत असे मुळीच नाही. मात्र अहवालात जी उणीव दिसली, तिच्यासाठी त्या निवडाव्यात. विद्यार्थी सतत 'हो-नाही' उत्तराचेच प्रश्न विचारत असेल, तर तिघांच्या गटात भूमिकापालन घ्यावे: एक कार्यकर्ता, एक मदत मागणारा, एक निरीक्षक. दहा मिनिटे संभाषण, पंधरा मिनिटे चर्चा, मग भूमिका बदलायच्या. व्याख्यानापेक्षा याचा उपयोग कितीतरी अधिक होतो. आपत्तीत काम करायचे असल्यास जागतिक आरोग्य संघटना आणि सहयोगी संस्थांनी २०११ मध्ये मांडलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या (संकटातल्या माणसाला तातडीने द्यायच्या आधाराच्या) 'पाहा, ऐका, जोडून द्या' या पायऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकता येतात. त्यातली तिसरी सर्वाधिक कच्ची राहते. पत्ता हातात देणे म्हणजे जोडून देणे नव्हे. आधी फोन करून ती सेवा खरोखर मिळते का हे विचारावे, शक्य तर पहिल्यांदा सोबत जावे आणि आठवड्याने चौकशी करावी.

परिषदेत भित्तिपत्रक मांडणे हीही चांगली संधी आहे, पण तेथे मदत घेणाऱ्याचे नाव बदलले की गोपनीयता पाळली, असा गैरसमज दिसतो. वस्ती, आजार, वय आणि कुटुंबातली माणसे एकत्र दिली की ओळखीचा माणूस बरोबर ओळखतो. त्या व्यक्तीची संमती लेखी घ्यावी, आणि नकार दिला तरी मदत थांबणार नाही, हे आधी सांगावे.

मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी जागतिक समाजकार्य दिन असतो. त्या दिवशी फेरी काढण्याऐवजी अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्थानिक संस्थांतील कार्यकर्त्यांसमोर, ओळख पटणार नाही अशा रीतीने, आपले एक काम दहा मिनिटांत मांडावे आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. महाविद्यालयांनी ही सुरुवात येत्या वर्षीच करावी, अशी आग्रहाची विनंती.

— समाजकार्य शिक्षणातील एक पर्यवेक्षक