सूर्य कुठे गेला?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत इंग्रज चित्रकार टर्नरचं ‘पाऊस, वाफ आणि वेग’ (१८४४) आणि फ्रेंच चित्रकार मोनेचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ (१८७२) ही चित्रं शेजारी-शेजारी छापून, दृक्प्रत्ययवादाचं (इम्प्रेशनिझमचं, म्हणजे त्या क्षणीचा उजेड आणि रंग दिसला तसा टिपणाऱ्या शैलीचं) मूळ टर्नरच्या धुक्यात आहे, असा निष्कर्ष लेखकानं काढला आहे. चित्रं कृष्णधवल छापल्यामुळे तो पटतोही. दोन्हीकडे धुकं, दोन्हीकडे पुसट पाणी. फक्त मोनेचा सूर्य तुमच्या पानावर सापडत नाही!

यात छापखान्याची सगळी चूक नाही. मोनेनं त्या नारिंगी सूर्याचा उजळपणा भोवतालच्या करड्या-निळ्या आकाशाइतकाच ठेवला आहे. रंग काढला की सूर्य आकाशात जवळपास विरून जातो. मोबाइलवर करून पाहावं. टर्नरच्या चित्रातल्या आगगाडीवर हाच प्रयोग केला, तर इंजिनाचं काळं धुराडं जागच्या जागी राहतं. तिथला खेळ उजेड-अंधाराचा आहे. मोनेच्या सूर्याला फक्त रंगाचा आधार.

मोनेचा सहकारी चित्रकार पिसारोनं १९०३मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात यावरच बोट ठेवलं होतं. टर्नर आणि त्याचा समकालीन इंग्रज निसर्गचित्रकार कॉन्स्टेबल यांच्याकडून आपण काही शिकलो हे तो मान्य करतो, पण त्यांना सावली उलगडली नव्हती, टर्नरची सावली म्हणजे नुसता उजेडाचा अभाव, असं त्याचं म्हणणं. (सावलीत काळा मिसळा, असं मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. असो.)

फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे मोने आणि पिसारो १८७०मध्ये लंडनला गेले आणि तिथं त्यांनी टर्नर पाहिला, हे लेखात बरोबर आहे. पण त्याच्या सुमारे बारा वर्षं आधी फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात, माणसांची व्यंगचित्रं काढून विकणाऱ्या पोरसवदा मोनेला बूदँ या चित्रकारानं उघड्यावर नेऊन रंगवायला बसवलं होतं. ‘सूर्योदय’ही याच बंदराचा आहे.

तुलना करायचीच तर बूदँ आणि कॉन्स्टेबलची करावी. कॉन्स्टेबलनं १८२१-२२मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांची अभ्यासचित्रं केली आणि त्यांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. बूदँच्या पेस्टलमधल्या आकाशांवरही दिवस, तास आणि वारा नोंदलेला असायचा. १८५९मध्ये कवी आणि कलासमीक्षक बोदलेअरनं त्याचं कौतुक केलं होतं. कॉन्स्टेबल वारला तेव्हा बूदँ १२ वर्षांचा होता, त्यामुळे गुरु-शिष्याचा प्रश्नच नाही. तरीही दोघांना तोच हिशेब ठेवावासा वाटला: हे आकाश अमुक वाजताचं, तासाभरानं ते असं राहणार नाही. मला मूळ दिसतं ते या नोंदींमध्ये. टर्नरचं धुकं त्यात नंतर मिसळलं.

पुन्हा कधी असा लेख छापलात आणि रंगीत पानावर एकाच चित्रापुरती जागा असेल, तर ती मोनेला द्यावी. टर्नरचं कृष्णधवलमध्ये भागतं.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा