पास चुकला की एकटा गोलकीपरच दोषी का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रीडा पानावर फुटबॉलला आता बऱ्यापैकी जागा मिळते त्याबद्दल आधी आभार, पण एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय म्हणून लिहितोय. मॅच रिपोर्टमध्ये गोलकीपरचं नाव दोनच वेळा येतं, एकतर त्याने भन्नाट सेव्ह केला तर, नाहीतर त्याची 'घोडचूक' झाली तर. आणि हल्ली ही घोडचूक बऱ्याचदा पायाने झालेली असते, मागून, म्हणजे आपल्याच गोलपासून छोटे पास देत, खेळताना पास चुकला, समोरच्या स्ट्रायकरने बॉल उचलला आणि गोल. पण तो पास द्यायचाच असं कोचने आधीच ठरवलेलं असतं, आणि तेव्हा बाकीचे दहाजण कुठे उभे होते हे एका ओळीतही वाचायला मिळत नाही.

हे काम गोलकीपरच्या गळ्यात पडलं ते नियमांमुळे. 1990 च्या वर्ल्डकपमध्ये आघाडी मिळाली की बॉल मागे द्यायचा, गोलकीपरने हातात घ्यायचा, थोडा वेळ काढायचा, परत डिफेंडरला द्यायचा, परत मागे, असला कंटाळवाणा खेळ चालायचा. 1992 च्या युरो फायनलमध्ये डेन्मार्कनेही जर्मनीविरुद्ध आपला गोलकीपर श्मायकेलकडे बॉल परत देत देत वेळ काढला होता. त्याच वर्षी नियम आला की आपल्याच प्लेअरने पायाने मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. जन्मभर हातांची प्रॅक्टिस केलेल्या माणसाला एकदम पायाने खेळायची वेळ आली! त्याआधीही पुढे येऊन खेळणारे गोलकीपर होते, हंगेरीचा ग्रोसिच, कोलंबियाचा हिगुइता, पण ते अपवाद. आणि हिगुइताचं म्हणाल तर 1990 मध्ये कॅमेरूनच्या रॉजे मिलाने त्याच्याकडून बॉल काढून घेतला तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलंय.

मग 2014 च्या वर्ल्डकपमध्ये जर्मनी-अल्जीरिया मॅच झाली. जर्मनीची डिफेन्स लाइन खूप पुढे, अल्जीरियाचे फॉरवर्ड फास्ट, मागे मोकळं मैदान, आणि जर्मनीचा गोलकीपर न्यूअर बॉक्सच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या) बाहेर धावत येऊन कधी स्लाइड करून तर कधी डोक्याने बॉल काढत होता. त्या दिवशी बाकी टीम ढिली खेळत होती तरी जर्मनी टिकली ती त्याच्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

2019 मध्ये अजून एक बदल झाला ज्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. आधी गोलकिक (गोलपासून खेळ परत सुरू करायची किक) बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय आपल्या प्लेअरला बॉलला हात, म्हणजे पाय, लावता येत नव्हता, आता बॉक्सच्या आतच पास घेता येतो. म्हणून तर दोन सेंटरबॅक (मधले डिफेंडर) गोलकीपरच्या दोन बाजूंना येऊन उभे राहतात. आता हिशोब बघा, समोरच्या टीमचा गोलकीपर त्याच्या गोलपाशीच थांबणार, म्हणजे दाबायला त्यांचे दहाच, आणि आपला गोलकीपर खेळात आला की आपण अकरा. कोणीतरी एक मोकळा असणारच. तो सापडावा म्हणून गोलकीपर बॉल पायाखाली धरून नुसता उभा राहतो, प्रेक्षक ओरडत असतात आणि तो मात्र स्ट्रायकर अंगावर यायची वाट बघतो. स्ट्रायकर पण सरळ येत नाही, वळसा घेऊन येतो, म्हणजे एका सेंटरबॅककडे जायचा रस्ता त्याच्या मागे बंद होतो. अशा वेळी मिडफिल्डरने दोन पावलं सरकून पासचा अँगल द्यायचा असतो आणि तो जर स्वतःच्या मार्करच्या (त्याला अडवणाऱ्या प्लेअरच्या) सावलीतच उभा राहिला तर गोलकीपरने करायचं काय? गोल झाला की कॅमेरा मात्र गोलकीपरच्या तोंडावर.

तुमच्या ग्राफिकमध्ये 4-3-3 (चार डिफेंडर, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड) छापता त्यात तर गोलकीपर धरलेलाच नसतो. बॉल आपल्याकडे असताना तो दोन सेंटरबॅकच्या मध्ये तिसरा होऊन उभा राहतो आणि त्याच्या जोरावरच फुलबॅक (कडेचे डिफेंडर) वर जातात, हे कागदावरच्या आकड्यात कुठे दिसतं?

याचा अर्थ हात दुय्यम झाले असं मी अजिबात म्हणत नाहीये. 2016 मध्ये कोच ग्वार्डिओलाने मँचेस्टर सिटीत आल्या आल्या पायाने खेळणारा पाहिजे म्हणून गोलकीपर जो हार्टला बाजूला केलं, ब्राव्होला आणलं, ते नीट जमलं नाही तर पुढच्या वर्षी एडरसनला आणलं, आणि एडरसनचे लांब पास म्हणजे खरंच डोळ्याचं पारणं फेडणारे. त्याच ग्वार्डिओलाच्या टीमने 2025 मध्ये डोनारुम्माला घेतलं, ज्याची खरी ताकद गोललाइनवर आहे आणि ज्याला पॅरिसच्या पीएसजी क्लबने चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर लगेच सोडलं होतं. कारण आता बऱ्याच टीम माणसाला माणूस लावून प्रेस करतात, म्हणजे बॉलवाल्याच्या अंगावर धावून जातात, मागून छोटे पास काढणं अवघड झालंय, आणि लांब किक व भक्कम सेव्ह यांची किंमत परत वाढलीय. त्यात 2025 पासून बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर. म्हणजे विचार करायला वेळ अजून कमी.

एवढं सगळं एका माणसाकडून मागितलं जातंय तर त्याच्याबद्दल लिहितानाही तेवढं लक्ष द्यायला हवं ना. माझी विनंती साधी आहे, पुढच्या वेळी असा गोल झाला की रिप्लेमध्ये गोलकीपरला बॉल मिळाला तो क्षण थांबवून बघा, त्याच्यावर किती जण आले, पास घ्यायला कोण मोकळा होता, कोणी पाठ फिरवली होती, आणि ते दोन ओळीत छापा. चूक त्याचीच असेल तर तसंही लिहा.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक