सुरक्षिततेची मोजणी गल्लीपासून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात सोनसाखळी चोरीची किंवा चाकूहल्ल्याची बातमी आली की दोन मागण्या हमखास पुढे येतात : आणखी कॅमेरे लावा आणि चौकातले ठेले उठवा. मी तेवीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवले आणि जवळपास तितकीच वर्षे मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये राहते आहे. या दोन्ही अनुभवांवरून मला कळकळीने सांगावेसे वाटते की, कोणता रस्ता कोणत्या वेळी कोणासाठी असुरक्षित आहे याची गल्लीनिहाय माहिती नागरिकांसमोर येत नाही, आणि तशी मोजणी न करता केलेली कारवाई कधी कधी रस्ता अधिकच असुरक्षित करून ठेवते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक पानठेला होता. संध्याकाळी सहापासून रात्री साडेअकरापर्यंत तिथे एक पिवळा बल्ब लागलेला असे. कोणाची मुलगी शिकवणीवरून किती वाजता परतते, कोणाकडे पाहुणे उतरले आहेत आणि कोणती अनोळखी मोटारसायकल तिसऱ्यांदा चक्कर मारते आहे, हे त्या ठेलेवाल्याला न सांगता ठाऊक असे. दीड वर्षापूर्वी अतिक्रमण म्हणून तो ठेला उचलला गेला. कायद्याने ते बरोबरही असेल. परंतु लगतच्या रिकाम्या प्लॉटवर, ज्याचा मालक परगावी असतो, गाजरगवत आणि बेशरमची झुडपे पुरुषभर वाढली, समोरचा पथदिवा बंद पडला तो बंदच राहिला आणि अंधारात पव्वे घेऊन बसणाऱ्यांची तिथे रोजची बैठक सुरू झाली. गेल्या हिवाळ्यात त्याच वळणावर शेजारच्या वहिनींचे मंगळसूत्र दुचाकीवरच्या दोघांनी ओढून नेले. त्या आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या मानेवर लाल वळ उठला होता आणि घट्ट मिटलेल्या मुठीत चार काळे मणी तेवढे उरले होते. ठाण्यात त्यांनी दोनदा सांगितले की हिसकले. हाती आलेल्या कागदावर मात्र ‘गहाळ’ असा शब्द होता.

त्या एका शब्दाने एक गुन्हा शहराच्या हिशेबातून नाहीसा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३०४ खाली, वस्तू हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अशा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येणाऱ्या, गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात २० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या १९ महानगरांचे आकडे असतात आणि महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे व नागपूर येतात. हे आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या गुन्ह्यांचे नव्हेत. गुन्ह्यांची वाढ आणि नोंदीची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा तो विभाग स्वतःच देतो. एकाच प्रकरणात अनेक कलमे लागली तर त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. नागपूरचा गुन्ह्यांचा दर, म्हणजे लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, हे काढताना २०११ च्या जनगणनेची सुमारे २५ लाख लोकसंख्या धरली जाते आणि तेव्हापासून शहर दक्षिणेकडे किती पसरले, हे हुडकेश्वर-नरसाळ्याकडे एकदा फेरी मारली तरी कळते. जुन्या लोकसंख्येमुळे दर फुगतो, नोंद टाळल्यामुळे तो आकसतो. या दोन चुका एकमेकींना कापून आपल्याला खरे उत्तर देतील, असे मानायला काहीच आधार नाही. म्हणूनच अमेरिकेत १९७३ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून पोलिसांच्या नोंदीबरोबरच घरोघरी जाऊन विचारले जाते की, गेल्या काळात तुमच्याबाबत काय घडले आणि त्यातले पोलिसांना काय सांगितले.

ठेले उठवा, बसणाऱ्यांना हाकला, या मागणीमागे कळत नकळत एक जुना सिद्धांत उभा आहे. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी मार्च १९८२ मध्ये एका अमेरिकी मासिकात तो मांडला : इमारतीची एक फुटकी खिडकी तशीच राहू दिली तर बाकीच्याही फुटतात, तसेच रस्त्यावरच्या लहानसहान बेशिस्तीकडे दुर्लक्ष केले की पुढे मोठे गुन्हे येतात. त्याच लेखाच्या आरंभी न्यूअर्क शहरातल्या पायी गस्तीचा प्रयोग आहे आणि त्याचा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो. त्या गस्तीने गुन्हे कमी झाले नाहीत, पण लोकांना अधिक सुरक्षित वाटू लागले. पुढे न्यूयॉर्कमध्ये या विचाराच्या आधाराने रस्त्यात अडवून झडती घेण्याचा सपाटा सुरू झाला. २०११ या एका वर्षात सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा माणसांना अडवले गेले, दहांपैकी जवळपास नऊ वेळा अटकही झाली नाही की समन्सही दिले गेले नाही, आणि अडवले गेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुण होते. २०१३ मध्ये न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर अशा झडत्या कमालीच्या घटल्या आणि भीती दाखवली गेली होती तसे गुन्हे काही वाढले नाहीत. आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये कलम १४४ खाली चौकांत भीक मागण्यावर बंदीचा आदेश निघाला होता. सिग्नलवरचा त्रास त्याने कमी झाला असेल. पण सिग्नलवर हात पसरणारी म्हातारी आणि साखळी ओढणारा दुचाकीस्वार यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

या प्रश्नावर सर्वांत कसून काम झाले ते शिकागोत. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना साधे प्रश्न विचारले. शाळा बुडवून पोरे कोपऱ्यावर उभी असतील तर तुमचे शेजारी त्यांना टोकतील का? भिंती रंगवणाऱ्याला अडवतील का? घरासमोर मारामारी झाली तर मध्ये पडतील का? इथल्या लोकांवर विश्वास ठेवता येतो का? या उत्तरांतून शेजाऱ्यांचा परस्परविश्वास आणि मध्ये पडण्याची तयारी यांचे एकत्र मोजमाप तयार झाले. गरिबी आणि इतर फरक हिशेबात घेतल्यावरही, जिथे हे मोजमाप वरचे होते तिथे हिंसाचार कमी आढळला. त्याच वर्षी याच संशोधकांनी गाडीला कॅमेरे बांधून २३ हजारांहून अधिक रस्त्यांचे तुकडे चित्रित केले आणि कचरा, बाटल्या, पडीक इमारती, उघड्यावर दारू पिणारे अशी बेशिस्त स्वतः मोजली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, बहुतेक गुन्ह्यांच्या बाबतीत बेशिस्तीतून गुन्हा जन्मतो असे दिसत नाही. दोन्हींची मुळे एकाच जमिनीत, म्हणजे दाटलेल्या दारिद्र्यात आणि तुटलेल्या शेजारधर्मात असतात. लुटमारीचा थोडा अपवाद तेवढा आढळला. आमचा पानठेला त्यांच्या यादीत कदाचित बेशिस्त म्हणून मोजला गेला असता, पण गल्लीत टोकणारा माणूस तोच होता. तो गेला म्हणूनच मंगळसूत्र गेले, असे मी म्हणणार नाही. एका गल्लीवरून तसे ठरवता येत नाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच की, त्याला उठवताना हा प्रश्न कोणी विचारलासुद्धा नाही.

मात्र शेजाऱ्यांच्या एकीवर सगळे सोपवून यंत्रणेने हात झटकावेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. नागपूरकरांना तरी ते वेगळे सांगायला नको. कस्तुरबा नगरातल्या रहिवाशांच्या तक्रारींची वर्षानुवर्षे दाद लागली नाही आणि १३ ऑगस्ट २००४ रोजी वस्तीतल्या बायकांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच जमावाने ठार केले. त्या बायकांनी काय सोसले होते याची जाणीव ठेवूनच मी हे लिहिते आहे. वस्ती एकजूट असेल, पण ठाण्यात आपले म्हणणे लिहून घेतले जाईल हा भरवसा उरला नसेल, तर ती एकजूट कोणत्या टोकाला जाऊ शकते हे आपल्याच शहराने पाहिले आहे. ‘गहाळ’ या शब्दाने मी इतकी अस्वस्थ होते ती यासाठी.

माणसांना हाकलण्यापेक्षा जागा सुधारणे अधिक उपयोगी पडते, याचा चांगला पुरावा फिलाडेल्फियात मिळाला. तिथे ५४१ पडीक भूखंड घेऊन, कोणत्यांवर उपाय करायचा आणि कोणते तसेच ठेवायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. उपाय म्हणजे कचरा उचलणे, जमीन सपाट करणे, गवत व थोडी झाडे लावणे आणि कमरेएवढे लाकडी कुंपण घालणे. यापलीकडे काही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत सुधारलेल्या भूखंडांच्या आसपास बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटला. आमच्या लेआउटमध्ये आम्ही संक्रांतीनंतरच्या दोन रविवारी वर्गणी काढून तो प्लॉट साफ करून घेतला, पाच ट्रॉल्या कचरा निघाला. पथदिव्यासाठी मात्र सात अर्ज द्यावे लागले.

म्हणून माझी विनंती अशी आहे. शहराच्या दहाही झोनमधून काही वस्त्या निवडून घरोघरी विचारणा व्हावी आणि तीत पोलिसांत न गेलेल्या प्रसंगांची व न जाण्याच्या कारणांची नोंद व्हावी. हे काम ठाण्याने करू नये, कारण ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यालाच लोक खरे सांगत नाहीत. शहरात समाजकार्याची जुनी महाविद्यालये आहेत, विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आहे आणि नकाशे करण्यासाठी महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही इथेच आहे. रात्री बायकांना सोबत घेऊन रस्त्यांची पाहणी करावी : दिवा आहे का, आडोसा किती, रस्त्यावर माणूस दिसतो का, उघडे दुकान किती अंतरावर आहे. ठेला हटवायचाच असेल, तर रात्री त्या रस्त्यावर आणखी कोण जागे असते हे आधी पाहावे आणि त्याला जवळपास परवान्याची जागा द्यावी. बीट अंमलदाराने आठवड्यातून दोन संध्याकाळी गाडीतून उतरून पायी फिरावे. आणि जमलेले आकडे, कोणा पीडितेची ओळख उघड होणार नाही अशा बेताने, दर तिमाहीत आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून वस्तीनिहाय प्रसिद्ध व्हावेत.

आमच्या लेआउटमधल्या सात जणी रात्री आठ ते दहा या वेळेत या पाहणीसाठी फिरायला तयार आहेत. शेजारच्या वहिनींनी त्या यादीत आपले नाव पहिले लिहिले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर