भजन सगळ्या मंडळीचे होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत गायनाच्या तालमी सुरू होतात. त्या सुरू होण्याआधीच हे लिहीत आहोत. उपासना आनंदाची व्हावी म्हणून कीबोर्ड येतो, ड्रम येतो, मोठे स्पीकर लागतात, चार तरुण माइक घेऊन पुढे उभे राहतात. आवाज छपराला भिडतो, पण शेवटच्या बाकांकडे पाहावे तर तिथले ओठ मिटलेले. स्तोत्रसंहितेच्या १५०व्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ, झांजा अशी सगळी वाद्ये येतात, आणि मग अखेरची ओळ श्वास घेणाऱ्या प्रत्येकाला स्तवनाला बोलावते. वाद्ये आहेत ती त्या श्वासासाठी, हे विसरले की मंडळीची नुसती श्रोते मंडळी होते.

लोक गात नाहीत याचा दोष बहुतेक वेळा त्यांच्या भक्तीला दिला जातो. तो खरे तर पट्टीचा, म्हणजे गाणे किती उंच सुरात धरले याचा असतो. गाणे मोबाइलवर ऐकून बसवले जाते आणि मूळ गायकाची उंच पट्टी तशीच उचलली जाते. ध्रुपद कसेबसे निभावते. अंतरा वर चढला की पुरुष गप्प होतात किंवा सप्तक खाली उतरतात, वयस्कर बाया नुसते ओठ हलवतात. सगळ्या मंडळीला गायचे असेल तर गाण्यातला सर्वांत वरचा स्वर पेटीच्या पांढरी दोनपलीकडे (सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या सुरापलीकडे) जाऊ देऊ नये. चाल तार षड्जावर (वरच्या सप्तकातल्या सा वर) थांबत असेल तर सा पांढरी एक किंवा काळी एकला ठेवावा. तार गंधार (वरचा ग) लागत असेल तर सा काळी पाचला उतरवावा. कीबोर्डवर तर हे एका बटणाचे काम आहे. सकाळच्या उपासनेत गळे तापलेले नसतात, तेव्हा पहिले भजन आणखी अर्ध्या स्वराने खाली घेतले तरी चालेल.

दुसरी अडचण लयीची. पेटीवाला मंडळीसाठी थांबतो, मंडळी पेटीसाठी थांबते आणि चौथ्या कडव्यापर्यंत भजन रेंगाळून निम्म्या गतीवर येते. हे टाळायचे तर लय तबल्याच्या हाती द्यावी, सम (तालाची पहिली मात्रा) स्पष्ट पडावी आणि पुढे गाणाऱ्याने प्रत्येक ओळीआधी सगळ्यांना दिसेल असा श्वास घ्यावा. तो श्वास दिसला की सगळे एकदम उठतात. अभंगाला आठ मात्रांचा भजनी ठेका मिनिटाला ७०-८० मात्रांनी सुरू करावा. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. त्या चौथ्या चरणानंतर उरलेली जागा दम घ्यायची आहे, तिथे कीबोर्डच्या सुरावटी भरू नयेत. दुगुण (दुप्पट लय) शेवटच्या ध्रुपदालाच घ्यावी. आधी घेतली तर म्हाताऱ्यांचे शब्द सुटतात आणि एकदा सुटलेला माणूस पुन्हा गाण्यात येत नाही, नुसत्या टाळ्या वाजवत राहतो.

हा ठेका आपल्याकडे उसना आलेला नाही. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि पदे लिहून मराठी मंडळीच्या तोंडी तिचीच बोली दिली. पाश्चात्त्य चालींची गीतेही आम्हाला प्रिय आहेत, पण ती बसवताना एक काळजी घ्यावी लागते. लांब स्वर मराठीतल्या ऱ्हस्व अक्षरावर पडला की अर्थ बदलतो. ‘मन’ मधला ‘म’ ताणला की ऐकणाऱ्याला ‘मान’ ऐकू येते. अशा जागी स्वर पुढच्या दीर्घ अक्षरावर न्यावा, चाल थोडी वाकली तरी चालेल.

माइकबद्दल थोडे. माणूस शेजारचा आवाज ऐकून गातो. तो ऐकू आला नाही की आपण एकटेच ओरडतो आहोत असे वाटून तो गप्प बसतो. दीडशे माणसांच्या मंदिरात गाण्याला दोन माइक पुरतात. तबल्याला नको. पत्र्याचे छत असेल तर खर्ज घुमून शब्द बुडतात, म्हणून बास कमी ठेवावा आणि स्पीकरचे तोंड भिंतीकडे न करता लोकांकडे करावे. पडद्यावर शब्द दाखवत असाल तर आधीच्या ओळीचा शेवटचा शब्द चालू असतानाच पुढची ओळ यायला हवी. गीताचा क्रमांकही दाखवा, पुस्तक उघडणारे अजून आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकाने ओळ सांगावी, बाकीच्यांनी झील धरावी, म्हणजे तीच ओळ मागून गावी. ही आपली जुनी रीत कुठल्याही पडद्यापेक्षा भरवशाची आहे.

नवे गीत महिन्याला एकच घ्यावे. उपासनेआधी दहा मिनिटे काढून प्रथम शब्द वाचावेत, मग ध्रुपद, मग एक अंतरा, आणि पुढचे तीन रविवार तेच गीत ठेवावे. दर आठवड्याला दोन नवी गीते म्हणजे मंडळीला कायम शिकाऊ ठेवणे.

आनंदाची उपासना म्हणजे सगळा वेळ टाळ्या असेही नाही. कालच घरातले माणूस पुरून आलेली बाईसुद्धा त्या बाकावर असते. खिन्न झालेल्या जिवाशी बोलणारे ४२वे स्तोत्रही त्याच संहितेत आहे. तिच्यासाठी एक संथ गीत आणि प्रार्थनेआधी अर्धा मिनिट खरी शांतता ठेवा; त्या अर्ध्या मिनिटात कीबोर्डचा मंद सूरही नको.

यंदाच्या तालमींत एवढे करून पाहा. शेवटच्या ध्रुपदाला सगळे माइक बंद करा, पेटी थांबवा, फक्त टाळ चालू ठेवा. एकाने मागच्या दारात उभे राहून ऐकावे. तिथे शब्द स्पष्ट ऐकू आले तर पट्टी आणि लय बरोबर आहे. नाही आले तर पट्टी एक स्वर खाली घ्या आणि पुन्हा गा.

आपले,
भजनी मंडळांतील काही पेटी व तबलावादक, अहिल्यानगर