थंडीपूर्वी गाडीची बॅटरी तपासून देणाऱ्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

सेल्फ मारल्यावर इंजिन जड फिरते, एवढीच माझी तक्रार होती. तेवढ्यावरून नवी बॅटरी बसवून देणे आपल्याला सहज शक्य होते; पण आपण आधी मोजमाप केले आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ मला समजावून सांगितला, त्याबद्दल मनापासून आभार.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे व्होल्टेज १२.४ भरले. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या वर असते, तरीही आपण तेवढ्यावर तिला बाद ठरवले नाही. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास राहते हे पाहून चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर निर्दोष असल्याची खात्री केली, बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि मगच लोड टेस्ट, म्हणजे मोठा करंट ओढून बॅटरीची ताकद पाहणारी चाचणी, घेतली. त्यात व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरल्यावर ती बदलणे अटळ आहे, हे मलाही पटले.

बॅटरीचे खरे नुकसान उन्हाळ्यात होते, हे मला आपल्याकडूनच कळले. उष्णतेने आतले पाणी उडते, शिशाच्या जाळ्या झिजतात आणि थंडी पडल्यावर ती झीज उघडी पडते. कारण गारठ्यात रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो. म्हणूनच नवी बॅटरी निवडताना आपण उणे १८ अंश सेल्सियसला मोजलेल्या क्रँकिंग करंटचा, म्हणजे इंजिन सुरू करताना बॅटरी देऊ शकते त्या करंटचा, आकडा गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहिलात. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुणे, काढताना ऋण टोक आधी आणि बसवताना शेवटी, ही कामे आपण माझ्यासमोर सावकाश केलीत. जुनी बॅटरी शिसे व आम्लासह पुनर्वापरासाठी परत घेतलीत, हेही योग्यच झाले.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हा, अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसू नयेत म्हणून, आपण सांगितल्याप्रमाणे मी चार्जर जोडून ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यानंतर, थंडीच्या आधी, पुन्हा लोड टेस्टसाठी आपल्याकडेच येईन.

आपला कृतज्ञ,
एक गाडीमालक