शेवटची पाव गोळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चिंतेवरच्या गोळ्यांविषयी वृत्तपत्रांतून बहुधा दोनच गोष्टी वाचायला मिळतात. एक, त्यांची सवय लागते. दोन, त्या एकदम बंद करू नयेत, हळूहळू कमी कराव्यात. दोन्ही खरेच आहे. पण ‘हळूहळू’ म्हणजे नेमके किती आणि शेवट कसा करायचा, हे कोणी सांगत नाही. चिठ्ठीवरही पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते: पंधरा दिवस अर्धी, पंधरा दिवस पाव, मग बंद. ज्यांनी वर्षानुवर्षे गोळी घेतली आहे, त्यांचे घोडे नेमके या ‘मग बंद’पाशी अडते. त्या शेवटच्या तुकड्यासाठी हा पत्रप्रपंच.

या गोळ्या म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपाइन गटातली औषधे. या गटातले पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले आणि डायझेपाम १९६३ मध्ये. ती दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नयेत, असा सल्ला ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने १९८८ मध्येच दिला होता. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अवलंबित्वाचा इशारा वेष्टनातल्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापायला लावला. इशारे झाले, पण ज्यांच्या अंगात औषध आधीच मुरले आहे त्यांचे काय? आणि एक विनंती: अशा माणसांना बातम्यांतून ‘गोळ्यांचे व्यसनी’ म्हणू नये. सांगितलेला डोस सांगितल्या वेळी घेऊनही शरीर औषधाला सरावते. त्याला अवलंबित्व म्हणतात. डोस चोरून वाढवणे, नशेसाठी घेणे हा वेगळा प्रकार आहे.

आता हिशेब. रोज रात्री ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम घेणारे कोणी आहे असे धरू. अर्धी गोळी केली की ०.२५, पाव केली की ०.१२५, मग शून्य. कागदावर पाऊल लहान होत गेलेले दिसते. पण अंगात आधी जेवढे होते त्याच्या तुलनेत पाहा: पहिली कपात पन्नास टक्के, दुसरी पन्नास टक्के आणि तिसरी शंभर टक्के. जिना उतरताना शेवटची पायरीच सर्वांत उंच निघावी, तसे हे आहे.

त्यात भर म्हणजे डोस आणि परिणाम यांचे नाते सरळ रेषेतले नाही. मेंदूला शांत करणारे गाबा नावाचे रसायन मेंदूच्या पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसते, त्यांच्यावरच शेजारच्या जागी ही औषधे बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात. सुरुवातीचे थोडेसे औषध बऱ्याच ग्राहींचा ताबा घेते. पुढे डोस वाढवला तरी भर कमी कमी पडत जाते. उलट्या दिशेने येताना म्हणूनच वरचे डोस सहज सुटतात आणि खालचे अंगावर येतात. महिनोन्‌महिने औषध घेतल्यावर हे ग्राही स्वतःहून मंद झालेले असतात. त्यांना पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ इच्छाशक्तीने कमी होत नाही.

अमेरिकेत २०२५ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात करावी, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. हे टक्के मूळ डोसाचे नव्हे, तर सध्या चालू असलेल्या डोसाचे धरावेत. आपल्या उदाहरणात ०.५ वरून ०.४५, मग ०.४०५, मग ०.३६५. दहा पायऱ्यांनंतर ०.१७ उरते. अठ्ठावीस पायऱ्यांनंतर, म्हणजे दर पंधरवड्याला एक धरली तर वर्ष उलटून गेल्यावर, ०.०२६. छाती दडपावी असा हा हिशेब आहे. प्रत्येकाला एवढे लागत नाही. काही आठवडेच औषध घेतलेल्यांना तर नाहीच. वरच्या टप्प्यात पुष्कळांना यापेक्षा जलद जमते. पण खाली आल्यावर वेग कमी करावा लागेल, ही तयारी पहिल्या दिवसापासून ठेवलेली बरी.

यात एक गोम आहे. दर वेळी दहा टक्के कापत राहिले तर शून्य कधीच येत नाही. कुठे तरी उडी मारावीच लागते, आणि ती कुठून मारायची हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये १९८२ ते १९९४ या काळात याच कामासाठी दवाखाना चालवणाऱ्या प्राध्यापक हेदर अॅश्टन डायझेपामचा डोस अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत आणून मग थांबवायला सांगत. त्यांच्या तक्त्यानुसार १० मिलिग्रॅम डायझेपाम म्हणजे साधारण ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम. म्हणजे आपल्या उदाहरणात ही उडी मूळ डोसाच्या विसाव्या भागावरून होते. पाव गोळीवरून मारलेल्या उडीपेक्षा ती पाचपट लहान. याउलट, चिमूटभर धुळीवर सहा-सहा महिने अडकून बसणारेही असतात. त्या कणात औषधाचा परिणाम फारसा उरलेला नसतो, उरलेली असते ती भीती. तिथे आणखी बारीक तुकडे करण्यात अर्थ नाही. तारीख ठरवावी आणि थांबावे.

एवढा बारीक डोस मोजायचा कसा, इथे सर्वांत जास्त चुका होतात. गोळीचे वजन शंभर-दीडशे मिलिग्रॅम असते, त्यात औषध अर्धा मिलिग्रॅम. बाकीचे सगळे भरताड. बोटांनी मोडलेली ‘पाव’ कधी पाचवा हिस्सा असते, तर कधी तिसरा. आज कमी, उद्या जास्त असे झाले की त्रास कपातीचा की तुकड्याचा, हेच कळत नाही. गोळी कापायची छोटी डबी मिळते, तिने अर्धे तुकडे बरे पडतात. पावापासून तिचाही भरवसा नाही. त्यापुढे मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो. आधी दहा अख्ख्या गोळ्या एकत्र तोलून सरासरी काढावी. समजा गोळी १५० मिलिग्रॅमची निघाली, तर ०.४५ मिलिग्रॅम औषधासाठी तुकडा १३५ मिलिग्रॅमचा हवा. पात्याने कडेचा कण कण खरवडत तिथवर यावे. पंखा बंद ठेवावा, काटा सपाट जागी असावा, आणि तोच तुकडा तीनदा तोलून पाहावा. स्वस्त काटे दोन-चार मिलिग्रॅम इकडेतिकडे दाखवतात. १३५ मध्ये तेवढे चालून जाते, पण १० मिलिग्रॅमच्या कणात तोच फरक तिसऱ्या हिश्शाएवढा होतो. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या दमट हवेत भुसभुशीत होतात, त्या कापायला अवघड. आणि एक्सटेंडेड रिलीज लिहिलेली गोळी कधीही कापू किंवा कुटू नये. दिवसभर हळूहळू सुटायचे औषध एकदम सुटते.

गोळी पाण्यात टाकून सिरिंजने मोजण्याची युक्ती एकमेकांना सांगितली जाते. ही औषधे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. पेला ढवळून ठेवा, काही मिनिटांत पांढरी पूड तळाशी बसलेली दिसेल. वरून ओढलेल्या सिरिंजमध्ये औषध नावापुरते आणि तळाच्या सिरिंजमध्ये दुप्पट-तिप्पट. द्रवरूपच हवे असेल तर जिथे मिळते तिथे डायझेपामचे तयार द्रावण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, नाही तर फार्मासिस्टकडून योग्य माध्यमात सस्पेन्शन बनवून घ्यावे, दर वेळी बाटली नीट हलवावी आणि बाटलीवरची मुदत पाळावी. घरगुती प्रयोगांपेक्षा हे केव्हाही बरे.

‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला तर मोडीतच काढायला हवा. अल्प्राझोलाम साधारण अकरा-बारा तासांत निम्मे होते. आज घेतले, उद्या नाही, म्हणजे शरीर दर दोन दिवसांनी एकदा माघारी ओढले जाते. अल्प्राझोलामवाल्यांना तर दोन डोसांच्या मध्येच धडधड, घाम सुरू होतो. ते तोच रोजचा डोस तीन भागांत विभागून घेतात. क्लोनाझेपाम निम्मे व्हायला तीस-चाळीस तास लागतात. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे सक्रिय द्रव्य कित्येक दिवस रेंगाळते. त्यामुळे काही डॉक्टर लवकर उतरणाऱ्या गोळीवरून टप्प्याटप्प्याने डायझेपामवर आणतात. समतुल्य डोसांचे तक्ते मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ही अदलाबदल स्वतःच्या मनाने करू नये.

या आकड्यांचा दुसरा उपयोग म्हणजे त्रास केव्हा येईल याचा अंदाज. क्लोनाझेपाम कमी केल्यावर रक्तातली पातळी नव्या जागी स्थिरावायला आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशी ‘काहीच झाले नाही’ म्हणून लगेच पुढची कपात केली, तर दोन्हींचा त्रास एकदम अंगावर येतो. शेवटच्या डोसानंतरही तेच. अल्प्राझोलामचा त्रास एक-दोन दिवसांत कळतो, डायझेपामचा आठ-दहा दिवसांनीही. सोडून चार दिवस झाले, जिंकलो, असे समजायची घाई नको.

त्रास कसला? झोप मोडणे, छातीत धडधड, स्नायू फुरफुरणे, कानात शिट्टी वाजल्यासारखे होणे, उजेड-आवाज सहन न होणे, आजूबाजूचे सगळे काचेपलीकडे असल्यासारखे वाटणे. पूर्वी कधीही नव्हती अशी लक्षणे कपातीनंतर उमटली आणि हेलकावे खात ओसरत गेली, तर ती औषध सुटण्याची असण्याची शक्यता जास्त. जुनीच चिंता, जुन्याच विषयांभोवती, आठवड्यागणिक घट्ट होत गेली तर मूळ आजार परत येत आहे का ते पाहावे. त्यावर उपचार आहेत, पण ते पुन्हा हीच गोळी हे नव्हेत. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा समुपदेशनाचा उपचार, कपात सुरू असतानाच चालू केली तर शेवट सोपा जातो. चिंतेवर नैराश्यरोधक औषध सुरू करायचे असेल तर ते शेवटच्या डोसाच्याच आठवड्यात नको. त्याची सुरुवातीची बेचैनी आणि ही बेचैनी एकमेकींत मिसळतात आणि दोन्ही औषधे बदनाम होतात. ते आधीपासूनच चालू असेल तर दोन्ही एका वेळी कमी करू नयेत.

एखादी पायरी जड गेली तर तिथेच थांबावे, दोन आठवडे, चार आठवडे, लागेल तेवढे. अगदी असह्य झाले तर डॉक्टरांना विचारून एक पायरी वर जाता येते. रोज खाली-वर करणे आणि वाईट रात्री एक ‘जास्तीची’ घेणे यांनी मात्र केलेले काम धुऊन निघते. नोंद ठेवावी, पण आटोपशीर: तारीख, डोस, किती तास झोप, ताण शून्य ते दहापैकी किती. तासातासाला नाडी मोजणाऱ्याला नाडी वेगाचीच सापडते. कॅफिन खालच्या डोसांवर पूर्वीपेक्षा जास्त झोंबते. दारू याच ग्राहींवर काम करते. तिचा आधार घेणे म्हणजे मागच्या दाराने पुन्हा तिथेच येणे. झोपेसाठी झोल्पिडेम घेतले तरी तेच.

दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरकडे किंवा दाताच्या दवाखान्यात गेल्यावर ही कपात सुरू आहे, किंवा नुकतीच संपली आहे, हे आवर्जून सांगावे. क्षयावरचे रिफाम्पिसिन आणि फिटवरचे कार्बामाझेपिन यांनी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम लवकर बाहेर पडते, म्हणजे नकळत मोठी कपात होते. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि केटोकोनाझोल हे बुरशीवरचे औषध यांनी अल्प्राझोलामची पातळी चढते आणि त्यांचा कोर्स संपला की घसरते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, ब्युप्रोपिऑन हे नैराश्यरोधक यांनी फिटच्या झटक्यांचा धोका वाढतो.

झटका, भास, बरळणे, तापासह गोंधळलेली अवस्था किंवा जीव देण्याचे विचार, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. पूर्वी फिट आलेल्यांनी, दारूची सवय असलेल्यांनी, मोठा डोस घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय एकही पायरी उतरू नये.

आणि कपाटात उरलेली ती अर्धी स्ट्रिप. ‘असू दे, अडीअडचणीला’ म्हणून ती पाकिटात ठेवली जाते. काही महिन्यांनी शरीराची सहनशक्ती ओसरलेली असते. पूर्वी सहज पचणारा डोस तेव्हा भोवळ आणतो, तोल घालवतो, आणि सोबत अफूजन्य वेदनाशामक असेल तर श्वासच मंदावतो. औषधे परत घेणारा फार्मासिस्ट असेल त्याच्याकडे ती स्ट्रिप द्यावी, आणि देईपर्यंत कुलपात ठेवावी.

आपला,
एक फार्मासिस्ट वाचक