मिठागरातला गुलाबी रंग

संपादक महोदय,
लहानपणी उरणला मामाकडे जायचो तेव्हा मे महिन्यात मिठागरातलं पाणी आटत आलं की गुलाबी दिसायचं, आम्हाला वाटायचं काहीतरी घाण मिसळलीय. तो रंग बऱ्याचदा डुनालिएला सलायना या सूक्ष्म शेवाळाचा असतो, खारटपणा आणि ऊन वाढलं की ते स्वतःला वाचवायला बीटा कॅरोटीन साठवतं, गाजरातलंच, ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं. ऑस्ट्रेलियात हट लगूनला मोठमोठ्या तळ्यांत हे शेवाळ वाढवून कॅरोटीन काढतात, ते खाण्याच्या रंगात, गोळ्यांत जातं. आपल्याकडे ऊन आहे, खारं पाणी आहे, मिठागरात पिढ्यानपिढ्या राबलेली माणसं आहेत, आणि आपण भराव टाकत सुटलोय! सरकारने निदान एखाद्या मिठागरात प्रयोग तरी करावा.
– एक वाचक, पनवेल